देहाचा मोंढा

फराळाचे ताट समोर आले असताना वजनाचा विषय काढणाऱ्या माणसाला कोणी रसिक म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही काढतो. कारण मी काढला नाही, तरी तो या दिवसांत घरोघरी निघणारच आहे. भाऊबीजेला आलेली बहीण उंबऱ्यावर पाऊल ठेवते न ठेवते तोच कोणीतरी म्हणणार, "अगंबाई, केवढी सुटलीस!" चिवड्याकडे हात नेणाऱ्या भाच्याला मामा सांगणार, "संक्रांतीपर्यंत पाच किलो उतरव, घड्याळ घेऊन देतो." आणि जावईबापू आपण होऊन जाहीर करणार की पाडव्यापासून गोड बंद, मोडले तर दर खेपेस शंभर रुपये दंड. पहिल्या वाक्यात नुसता आगाऊपणा आहे. त्याला उत्तर द्यायला बहीण समर्थ असते. माझे भांडण आहे ते मामाशी आणि जावईबापूंशी. वजन उतरवण्यासाठी बक्षीस लावणे व दंड ठोकणे ही जी युक्ती हल्ली शहाणपणाची समजली जाते, ती फसवी आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ती सरळ सरळ घातक आहे, असे माझे म्हणणे आहे.

मी वैद्य नव्हे, की तालमीचा वस्ताद नव्हे. नायगावच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मी चौतीस वर्षे मुनीमगिरी केली. ज्वारी, तूर, मूग, आणि पुढे पुढे सोयाबीन, असा हजारो पोत्यांचा माल माझ्या डोळ्यांदेखत तोलला गेला. तेव्हा आहारशास्त्रातले मला काही कळत नसले, तरी तराजूच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांच्या मनात काय चालते, ते पुष्कळ कळते. त्या एवढ्याशा अधिकारावर हा लेख आहे.

माणसाला तोलण्याची हौस आपल्याकडे जुनीच. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाच्या प्रसंगी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. १९४६ साली मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आगाखानांची हिऱ्यांनी तुला झाली. आमच्या भागात पुढाऱ्यांच्या पेढेतुला आणि लाडूतुला होतात, त्या तर आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. या सर्व तुलांत एक गोष्ट बरी होती. तोलला जाणारा जितका भारदस्त, तितके दान मोठे. त्यामुळे वजनाबद्दल कोणाला खंत वाटण्याचे कारण नव्हते. आता काळ उलटला. २०१३ सालच्या रमजान महिन्यात दुबईच्या नगरपालिकेने योजना काढली, की तीस दिवसांत निदान दोन किलो वजन उतरवावे आणि उतरलेल्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम सोने घरी न्यावे. लोकांनी नावनोंदणीला गर्दी केली. २०२२ साली बेंगळूरच्या झेरोधा या शेअर दलाली कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर केले, की उंचीच्या मानाने ज्यांचे वजन बेताचे असेल, म्हणजे ज्यांचा बीएमआय पंचविसाच्या आत असेल, त्या नोकरांना अर्ध्या महिन्याचा पगार बोनस. आपल्या महाराष्ट्राच्या पोलीस दलातही अंग आटोक्यात ठेवणाऱ्यासाठी महिना २५० रुपयांचा भत्ता ठेवण्यात आला. आणि २०२३ साली आसामच्या पोलीस प्रमुखांनी दुसरे टोक गाठले. बीएमआय तिसाच्या वर असलेल्यांना त्यांनी १५ ऑगस्टपर्यंत मुदत दिली, नंतर थोडी वाढवून देऊ केली, आणि तरीही जमले नाही तर स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग दाखवला. म्हणजे एकीकडे सोने आणि दुसरीकडे घरचा रस्ता!

आता आसामच्या शिपायाला चोरामागे धावायचे असते, हे मला मान्य आहे. नोकरीची अट निराळी आणि घरातली गोष्ट निराळी. पण ही सरकारी व कंपनीतली रीत पाहता पाहता आमच्या स्वयंपाकघरात शिरली, ती अशी.

तीन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी सांगितले, आठ-दहा किलो कमी करा. थोरल्या मुलाने लागलीच देवघराशेजारच्या फळीवर एक पत्र्याचा डबा ठेवला. मी गोड खाल्ले की डब्यात पन्नास रुपये टाकायचे. पहिले आठ दिवस मी त्या डब्याला भ्यालो. नवव्या दिवशी शेजारच्या घरी बारसे निघाले. मी निघताना डब्यात पन्नासाची नोट टाकली, आणि तेथे जाऊन निवांतपणे तीन बालुशाह्या खाल्ल्या. एरवी मी एक खाऊन ओशाळलो असतो. त्या दिवशी ओशाळण्याचे कारणच उरले नव्हते; मी पैसे भरले होते! पुढे पुढे तर महिन्याच्या सुरुवातीलाच पाचशेची नोट टाकून मी मोकळा होऊ लागलो. दंडाचे भाडे झाले आणि भाडेकरू निर्लज्ज झाला.

ही केवळ माझीच लबाडी असती, तर मी गप्प बसलो असतो. परंतु इस्राएलमधील हैफा शहरात दहा पाळणाघरांवर याच गोष्टीचा रीतसर अभ्यास झाला आणि २००० साली तो प्रसिद्धही झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. आधी बाई खोळंबल्या आहेत याची मनाला टोचणी असे. आता त्या टोचणीची पावती मिळू लागली. आणि पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर काही पूर्वीइतका खाली आला नाही. गेलेली लाज परत आली नाही.

माझे एक स्नेही आहेत, निवृत्त हेडमास्तर. त्यांच्याशी माझा या विषयावर वाद होतो. ते म्हणतात, "मुनीमजी, फुकट कोण काय करतो? पगार नसता तर तुम्ही चौतीस वर्षे वह्या लिहिल्या असत्या का? माणसाला फायद्याची आशा हवी, नाहीतर तोट्याचे भय हवे." त्यांच्या बाजूने पुरावाही आहे आणि तो मी लपवणार नाही. २००८ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सत्तावन्न स्थूल माणसे घेतली, सोळा आठवड्यांत सोळा पौंड उतरवण्याचे लक्ष्य दिले. एका गटाचे नुसते वजन करत गेले. दुसऱ्या गटाला लक्ष्य सांभाळल्यास सोडतीत पैसे मिळत. तिसऱ्या गटाने स्वतःचे पैसे अनामत ठेवायचे, साधले तर भर घालून परत, न साधले तर बुडीत. पहिल्या गटाचे सरासरी चार पौंड उतरले, आणि पैशांच्या दोन्ही गटांचे तेरा-चौदा! हेडमास्तरांनी हा आकडा मला दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा मी त्यांना पुढचे वाचायला लावले. पैसे बंद झाल्यावर पुढे, सुरुवातीपासून सातव्या महिन्याला, त्याच माणसांचे पुन्हा वजन केले, तेव्हा त्यांचे वजन बरेचसे परत चढले होते, आणि नुसत्या वजन करणाऱ्यांपेक्षा ते ठामपणे सरस आहेत असे म्हणण्याइतका फरक उरला नव्हता.

तेव्हा पैशाने वजन उतरत नाही, असे मी म्हणत नाही. उतरते. पैसा चालू असेतो उतरते. आमच्याकडे म्हण आहे, एकादशी अन् दुप्पट खाशी. उपवास सुटण्याच्या घटकेवर ज्याची नजर लागली, त्याचा उपवास साबुदाण्याच्या खिचडीत बुडतो. बक्षिसाचेही तसेच. सोळा आठवडे माणूस जेवणाकडे पाहत नाही, तारखेकडे पाहतो. तारीख उलटली की जेवण पुन्हा जेथल्या तेथे. आणि पगाराचे म्हणाल, तर वह्या मी मालकाच्या लिहिल्या, म्हणून मालकाने पगार दिला. माझा देह कोणाच्या मालकीचा आहे, की त्याच्या राखणीबद्दल मी दुसऱ्याकडून मजुरी घ्यावी?

आता मोंढ्यातली गोष्ट सांगतो; कारण माझा मुख्य मुद्दा तेथे आहे. ज्या क्षणी काट्यावर पैसा लागतो, त्या क्षणापासून काटा खरे बोलायचे सोडतो. माल वजनावर विकायचा म्हटले की कोणी पोत्याला पाण्याचा हात मारतो, कोणी तळाला माती राहू देतो. घेणारा काही कमी नसतो. तो ओलाव्याचे यंत्र लावतो आणि कडता कापतो. देणारा वजन वाढवण्याच्या खटपटीत, घेणारा ते घटवण्याच्या. दाणा मात्र होता तसाच राहतो. दाणा टपोरा करायचा असेल, तर त्याचे काम शेतात आणि पावसात असते, मोंढ्यात काट्यापाशी नसते. एवढी साधी गोष्ट मला चौतीस वर्षे रोज दिसत होती. आणि माझ्याच घरात मी ती विसरलो.

माझी नात तेरा वर्षांची. अंगाने भरलेली, हसरी, वाचनाची वेडी. शाळेत पोरींनी चिडवले म्हणून एके दिवशी रडत घरी आली. मला वाईट वाटले, आणि वाईट वाटल्यावर माणसे जो मूर्खपणा करतात तो मी केला. तिला कित्येक दिवसांपासून सायकल हवी होती. मी म्हणालो, "दसऱ्यापर्यंत पाच किलो उतरव, सायकल तुझी." दर रविवारी सकाळी मी काटा मांडू लागलो आणि माझ्या जुन्या सवयीने आकडे वहीत लिहू लागलो. सौभाग्यवती पहिल्याच रविवारी म्हणाल्या, "अहो, हे काय करायलाव? लेकरू हाय ते, सोयाबीनचं पोतं न्हाई." मी हसण्यावारी नेले. पहिल्या आठवड्यात एक किलो उतरले. दुसऱ्यात पाऊण. मी हेडमास्तरांना मोठ्या ऐटीत वही दाखवली.

चौथ्या रविवारी ती काट्यावर चढली आणि काट्यावरून माझ्या अंगावर कोसळली. दवाखान्यात नेले. सलाईन लावले. अंगातले पाणी कमी पडले होते. हळूहळू उलगडा झाला, तो असा. डब्यातली भाकरी ती शाळेच्या वाटेवर गाईला घालत होती. शनिवार दुपारपासून पाण्याचा घोट घेत नव्हती, रविवारी काटा कमी भरावा म्हणून. मोंढ्यात माल ओला करतात, तिने स्वतःला वाळवले. युक्ती तीच. आणि ती तिला कोणी शिकवली? मी शिकवली, वही उघडून आणि सायकल लावून.

डोळे उघडल्यावर तिने माझ्याकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "आबा, आज किती भरलं?"

मोंढ्यात हा प्रश्न मी हजारदा ऐकला आहे. कापलेल्या हातांचे, उन्हाने रापलेले शेतकरी काट्याकडे डोळे लावून हेच विचारायचे, मुनीमजी, किती भरलं? त्यांच्या आवाजात जी धास्ती असायची तीच त्या पोरीच्या आवाजात होती. मी उत्तर दिले नाही. देता आले नाही.

त्या रात्री सलाईनचे थेंब मोजत बसलो असताना मला आणखी एक गोष्ट सुचली आणि तिने माझी झोप उडवली. त्या पोरीला अंग हलवण्यासाठी काय हवे होते? सायकलच हवी होती! शाळेत जाता-येता, नरसीच्या रस्त्याला मैत्रिणींबरोबर रपेट मारता मारता जे अंग आपोआप चपळ झाले असते, त्याचे साधन मी बक्षीस म्हणून कुलपात ठेवले, आणि वर म्हटले, आधी बारीक हो, मग सायकल देतो. तापलेल्या माणसाला, आधी ताप उतरव मग औषध देतो, असे सांगणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू?

बक्षिसाचा आणखीही एक दोष आहे, आणि आईबापांनी तो मनावर घ्यावा. ज्या गोष्टीला बक्षीस लागते, ती गोष्ट मुलाच्या मनातून उतरते. १९७३ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रे काढायला मनापासून आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढाल तर प्रशस्तिपत्रक मिळेल. ते मिळाले. एक-दोन आठवड्यांनी पाहिले, तो ही मुले मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढताना आढळली. ज्यांना काही कबूल केलेच नव्हते, त्यांची आवड जागच्या जागी होती. खेळ, चालणे, पोहणे ही मुळात मुलाची आवड. तिच्यावर किमतीची चिठ्ठी लावली, की ते काम झाले. आणि काम कोणाला आवडते?

"मग काहीच करू नये का?" हेडमास्तर विचारतात. करावे, पण काट्यापाशी नव्हे. आमच्या शेजारच्या लातूरचेच उदाहरण घ्या. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी, नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून धागा घेऊन, एक साधी गोष्ट मांडली. खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा, आणि रोज पाऊण तास चाला. ही रीत शास्त्राला कितपत धरून आहे, यावर आहारतज्ज्ञांत मोठा वाद झाला; दर दोन तासांनी खा म्हणणारे आणि दोनदाच खा म्हणणारे यांची चांगलीच जुंपली. त्या वादात मी पडत नाही. साखरेची गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले काही करू नये, आणि वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर ती रीत नव्हेच. माझे लक्ष आहे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. गावोगावी हजारो माणसे या रीतीने चालू लागली, आणि त्यांना कोणी गुंजभर सोने दिले नाही, की पैचा दंड केला नाही. मग त्यांना कशाने हलवले? आपल्याला खरी भूक लागली आहे की नाही, असा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी विचारला. आणि सकाळी चालायला निघाल्यावर वाटेत चार माणसे भेटू लागली. प्रश्न स्वतःच्या पोटाला विचारायचा होता. उत्तरात लबाडी करून फायदा कोणालाच नव्हता.

लोकमान्य टिळकांची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष त्यांनी तालीम, पोहणे आणि कुस्ती यांत घालवले आणि परीक्षा हातची गेली. म्हणजे बक्षीस राहिले बाजूला, उलट एक वर्षाचा दंड भरून त्यांनी अंग कमावले! पण तो दंड त्यांना कोणी ठोकला नव्हता. त्यांना सुदृढ शरीर हवे होते. आणि हवे होते ते स्वतःला.

मोठ्या माणसाने स्वतःशी पैज लावली, स्वतःचे पैसे स्वतःच्या हाताने डब्यात टाकले, तर मी फार तर हसेन. तो त्याचा प्रश्न आहे. माझा पत्र्याचा डबा मी आता उपडा करून त्यात तुळशीचे रोप लावले आहे, एवढेच सांगतो. जेवण आमच्या घरी आता सर्वांचे सारखे असते. ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आणि सणाला पुरणपोळी, ती चोरून नव्हे, पंगतीत बसून. एकट्यासाठी निराळे पथ्याचे ताट आम्ही बंद केले, कारण निराळे ताट हाही एक दंडच असतो. संध्याकाळी मी चालायला जातो. माझे वजन किती उतरले ते मी येथे लिहिणार नाही. लिहिले, तर आपण पुन्हा काट्यापाशीच जाऊन उभे राहू.

आणि नात? दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी नांदेडहून सायकल आणली. निळी. तिने विचारले, "पण आबा, पाच किलो कुठं झालेत?" मी म्हणालो, "सायकल पाच किलोंची नव्हती, बाई. तुझीच होती. मी उगीच अडवून धरली होती." तिचा विश्वास बसायला चार दिवस लागले. अजूनही रविवारी सकाळी ती पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना क्षणभर थांबते आणि माझ्याकडे पाहते. ते थांबणे अजून गेलेले नाही. पाच किलो किती दिवसांत उतरतात याचा हिशेब मला मांडता येत असे. हे थांबणे किती दिवसांत जाईल, याचा येत नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाला नेहमीप्रमाणे वहीपूजन होईल. मुनीमगिरी सुटली, तरी वही पूजण्याची माझी सवय सुटलेली नाही. त्या वहीतली ती चार रविवारांची पाने मी फाडलेली नाहीत. खोटा हिशेब फाडून टाकायचा नसतो, तांबड्या शाईने रद्द करून तसाच ठेवायचा असतो, म्हणजे पुढल्याला दिसतो. म्हणूनच हे सारे येथे लिहिले.

तेव्हा मामांनो, भाच्याला घड्याळ द्यायचे असेल तर खुशाल द्या. त्याची वेळ पाहण्यासाठी द्या, वजनासाठी नको. आणि त्याने चकलीला हात घातला, तर त्याच्या ताटात एक चकली वाढा, शेजारी बसा, आणि फराळ झाल्यावर म्हणा, चल, गावाबाहेर एक चक्कर मारून येऊ.